करंजाला कोड आलं

घाटातून आगगाडी धावू लागल्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या विठोबाच्या देवळात दर शुद्ध एकादशीला कीर्तन होत असे. खालापूरचे बुवा आदल्या दिवशी बैलगाडीनं यायचे, पाटलांच्या ओटीवर मुक्काम करायचे आणि एकादशीला तिसऱ्या प्रहरी जे उभे राहायचे ते दिवेलागणीपर्यंत. बुवा पुढे, आम्ही झांजकरी मागे, आणि आमच्यात धृपद धरणारा सहदेव. बुवांनी चरण म्हणून सोडला की सहदेव तो असा झेलायचा, जसं पडतं मूल आईनं वरच्यावर झेलावं. मी त्याच्या उजव्या हाताला उभा असे. बारा वर्षं खांद्याला खांदा लावून आम्ही देवाचं नाव घेतलं. नाम घेताना शेजारच्याचा श्वास आपल्या श्वासाशी कधी जुळतो ते कळत नाही. आमचा जुळलेला होता.

मग सहदेवाच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला, तांदळाच्या दाण्याएवढा. वर्षभरात तो गालभर पसरला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर उतरला. कोड ते. आता चार शहाणे सांगतात की कोड लागत नाही. तेव्हा आमच्या गावात असं सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या लेखी कोड काय आणि महारोग काय, एकाच घरची भावंडं.

भिवाजी पाटील मनानं वाईट नव्हता. त्यानं सहदेवाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सहदेवा, बरं होईस्तवर जरा भायेर बस रं. देव काय भिंतीनं अडतो का?"

सहदेव बाहेर बसला. देवळाच्या अंगणापलीकडे ओढ्याच्या काठावर एक जुना करंज होता, त्याच्या मुळावर. त्याची बायको मैना दोन्ही मुलींना घेऊन भिसेगावला भावाकडे गेली. "पोरींची लग्नं व्हायचीत," एवढंच सांगून गेली, ती परत आली नाही. घरात एक चूल आणि एक माणूस उरलं. ओढ्यावर बाया पाणी भरत असतील तर हा आपली घागर घेऊन पाणवठ्याच्या खालच्या अंगाला उभा राहायचा, सगळ्या जाईपर्यंत.

पण एकादशीला करंजाखालून त्याचं धृपद यायचं. बुवांचा चरण भिंतीवरून बाहेर जाई आणि सहदेवाचा आवाज आत येई, अर्धा श्वास उशिरा, कारण मध्ये अंगण होतं. त्या अर्ध्या श्वासासाठी बुवा थांबत. आम्हीही झांजा धरून थांबायला शिकलो. गावातलं त्याला एवढंच उरलं होतं.

कीर्तन संपल्यावर त्याची खिरापत मी बाहेर नेत असे. करंजाचं एक पान तोडायचं, त्यावर खोबरं-साखर ठेवायची, पान मुळावर ठेवून दोन हात मागे सरायचं. मग तो पुढे होऊन उचलायचा. दोन वर्षं आम्ही असंच केलं. सुरुवातीला मला त्याची लाज वाटे. पुढे वाटेनाशी झाली.

पौषातल्या एकादशीला मी असंच पान तोडलं आणि त्यावर पांढरी रेघ दिसली. देठाकडून निघून नागमोडी वळत कडेपर्यंत गेलेली, हाताच्या शिरेसारखी, पण पांढरी. दुसरं पान तोडलं, त्यावरही रेघ. तिसऱ्यावर दोन. सहदेव बोटांनी मुळावरची धूळ झाडत बसला होता. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, खिरापत ठेवली आणि घरी निघालो. मुद्दाम कुणाला काही सांगितलं नाही. ओढ्यावर हात धुताना धाकलू भेटला, माझ्या शेजारचा झांजकरी, त्याला एवढंच बोललो, "करंजाच्या पानांवर पांढरं काय दिसतंय रं?"

दोन दिवसांत गावभर झालं, करंजाला कोड आलं.

माणसं येऊन पानं उन्हात धरून पाहायची आणि टाकून देऊन हात धुवायची. तसा करंज आम्हाला काय नवा? त्याचा पाला शेतात घालतो, काडीनं दात घासतो, खरूज झाली की त्याचं तेल चोळतो. पण पान हातात घेऊन कुणी पाहिलेलं नव्हतं. पाला म्हणजे पाला, तो भाऱ्यानं मोजायचा. सहदेव खाली बसला म्हणून आम्ही पहिल्यांदा वर पाहिलं, आणि जे दिसलं ते त्याच्या नावावर घातलं.

माघ सरता सरता झाड गळू लागलं. करंज दर वर्षीच गळतो. यंदा मात्र एकेक पान पडताना लोक एकमेकांना दाखवू लागले. बायांनी भीतीनं तो सगळा पाचोळा झाडून जाळून टाकला. फाल्गुनात झाडावर पान उरलं नाही, नुसत्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत राहिल्या.

फाल्गुन एकादशीचं कीर्तन झालं आणि पाटलानं अंगणातच सांगितलं, "चतुर्दशीला झाड पाडायचं. होळीत घालू, गावची इडापिडा जाईल. आणि सहदेवानं ओढ्यापलीकडं वडाखाली बसावं."

वडापर्यंत झांजेचा आवाजसुद्धा जात नव्हता. वारा तिकडचा असेल तर कुठे एखादा ठोका. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहदेवाला सांगायला गेलो. तो त्या उघड्या झाडाखाली बसला होता. त्यानं ऐकून घेतलं.

"खरं हाय, आबा," तो म्हणाला. "झाडाचा काय गुन्हा नाय. माझाच हाय."

मग त्यानं मला खोडाच्या मागच्या बाजूला बोलावलं आणि लांबूनच बोट दाखवलं. मुळातून फुटलेल्या एका धुमाऱ्याला लाल दोरा बांधलेला होता, उन्हानं विटलेला. कशेळ्याच्या बाजारात एका वैदूनं त्याला सांगितलं होतं की तीन शनिवार उजाडायच्या आत जित्या झाडाला दोरा बांधायचा, मिठी मारायची आणि म्हणायचं, माझं तू घे, तुला पेलंल.

"तीन शनवार मारली मिठी. आबा, दोन वर्सांत मी कुणाला हात लावला नव्हता. तिसऱ्या शनवारी तर सोडवंना रं मला." तो जरा हसला. "आन त्यानं घेतलं बघ. खरंच घेतलं."

"मग तुझं कमी झालं का?"

त्यानं बोटं उलटी करून पाहिली. "वाईच कमी वाटतंय. त्याच्यात उतरलं म्हंजे माझ्यातनं जाणारच ना? पण हा मरतोय त्यापायी. आता मी कुठल्या तोंडानं म्हणू, की मला इथंच बसू द्या?"

पानावरची रेघ पहिल्यांदा मी पाहिली, मीच बोललो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते तिथंच राहिलं.

चतुर्दशीला सकाळी पाटील, धाकलू, मी आणि आणखी तिघं कुऱ्हाडी घेऊन करंजाशी जमलो. सहदेव ओढ्याच्या पलीकडे उभा होता. धाकलूनं पहिला घाव घालायला कुऱ्हाड उचलली आणि मागून ओरडा आला.

"अरं ए मुडद्या! शेंगा लागलेलं झाड तोडतोस?"

कळंबची बायजा. साठीची विधवा बाई, घरच्या लाकडी घाण्यावर करंजेल काढायची. आमच्या देवळातले पलिते तिच्याच तेलावर जळत. दर फाल्गुनात टोपली घेऊन यायची, ओढ्याकाठच्या शेंगा वेचायची आणि जाताना गावातल्या निम्म्या लोकांचं तोंड बंद करून जायची.

"मावशी, लांब हो," पाटील म्हणाला. "झाडाला कोड आलंय."

बायजानं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात दिले आणि हसली. हसता हसता तिला खोकला लागला. "झाडाला कोड! आन मग त्याच्यासाठी पोरगी कोण देईना व्हय रं?" मग डोळे पुसून म्हणाली, "कोणी पायलं?"

ओढ्यापलीकडे सहदेव ऐकत होता.

"मी," मी म्हणालो. "पौषात. पानावर पांढरी रेघ होती. मीच धाकलूला बोललो."

सहदेवाकडे मी पाहिलं नाही.

"सरळ रेघ, का नागावानी?"

"नागमोडी."

"निघताना बारीक आन पुढं पुढं रुंद?"

मी आठवून पाहिलं. तशीच होती.

"मग कोड नाय ते. आळी हाय."

"दाखव," पाटील म्हणाला.

बायजानं वर पाहिलं, झाड उघडं. खाली पाहिलं, जमीन झाडलेली. "पानं कुठं गेली?"

"जाळली."

"शाबास! साक्षीदार जाळून मग न्याय करताय होय!" ती टोपली उचलून चालूच लागली. "चला वर, डोहाकडं. तिथं करंज हाय. पाण्यात मुळं हाईत त्याची, म्हणून अजून पानं धरून हाय. तिथं कोण बसतो?"

"कोण नाय," धाकलू म्हणाला. "वाघाच्या भ्यानं गुरंसुदीक नेत नाय आमी."

"म्हणूनच चला."

पाटलाला बाईच्या मागून जायचं नव्हतं, पण झाड उगाच पाडल्याचं पापही नको होतं. आम्ही निघालो. ओढ्याच्या कडेनं सगळी झाडं उघडी होती आणि उघडी झाडं एकसारखीच दिसतात. बायजा मध्येच थांबली, एका राखाडी खोडावर थाप मारून म्हणाली, "धाकलू, हा कोण?"

"करंज."

"शिवण हाय ती, तुझं बारसं जेवलेली! अरं, करंज पान नसताना वर बघून नाय ओळखायचा, खाली बघून ओळखायचा." पुढच्या झाडाखाली वाकून तिनं एक शेंग उचलली. "ही बघ. चपटी, टोकाला पोपटाच्या चोचीवानी बाक. आत बहुतेक एकच बी. आन पडली तरी फुटत नाय. कुजंस्तवर बी आतच सांभाळती." तिनं ती शेंग माझ्या हातात दिली. लाकडासारखी कडक होती. "फूल चैताच्या अखेरीला, गुलाबीसर, खाली लाह्यांचा सडा पडतो. पान चुरगाळलं की उग्र वास, शेळी तोंड लावत नाय. इतकं सगळं हाय त्याचं, आन तुमाला एक रेघ दिसली."

डोहाशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. करंज पाण्यावर वाकलेला, निम्मा गळलेला, पण खालच्या फांद्यांना जुनी गडद पानं होती. एकेका देठाला समोरासमोर जोड्या आणि टोकाला एकटं पान. पाच, कुठे सात. बायजानं फांदी ओढून खाली आणली.

पानापानावर पांढऱ्या रेघा होत्या. आमच्या करंजावर नव्हत्या तेवढ्या.

बायजानं एक पान तोडून उन्हाकडे धरलं. रेघेच्या रुंद टोकाशी एक बारीक काळसर ठिपका दिसत होता. तिनं नखानं पानाचा पापुद्रा उचलला आणि आत पिवळट आळी वळवळली, सुईच्या टोकापेक्षा जराशी मोठी.

"पानाच्या दोन कातड्यांमधी राहती. खात खात वाट काढती. ती वाढती तशी वाट रुंदावती, मग पाखरू होऊन उडून जाती. दर साली. माझी सासू पानं बघून सांगायची, औंदा आळी जास्त. झाडाला काय होत नाय."

"आमी कधी पायलं नाय," पाटील हळू आवाजात म्हणाला.

"भारा डोक्यावर घेता. हातात कुठं घेता?"

"पण सहदेव खाली बसाय लागला, आन तवाच..."

"पाटील, तुमच्या डोक्यावर पांढरं आलंय, ते कुणाच्या शेजारी बसून आलं?"

धाकलू फिस्सकन हसला. पाटलानं त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि मग स्वतःही हसला.

तेवढ्यात बायजाला सहदेव दिसला. तो आमच्या मागून आला होता आणि पंधरा-वीस पावलांवर एका दगडापाशी उभा होता.

"तू रं का लांब?"

तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. ती सरळ चालत गेली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. तिच्या तेलानं काळ्या पडलेल्या मुठीत त्याचं पांढरं मनगट होतं आणि आम्ही सहाही जण त्या मुठीकडे पाहत होतो. ओढतच तिनं त्याला फांदीपाशी आणलं. "बघ. तुझ्यापायी चाललंय ना सगळं? बघ तरी."

सहदेव पानाकडे पाहत नव्हता. तोही तिच्या मुठीकडेच पाहत होता.

"माझ्या दिराला होतं हे," ती आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तीस वर्सं एका घरात राह्यलो, एका ताटात जेवलो. ही बघा माझी बोटं."

मग सहदेवानं विचारलं, "बाय, म्हंजे झाडानं माझं काय घेतलं नाय?"

"झाड काय घेणार, बाबा?"

"हे दर साली असतंय?"

"दर साली."

"तुझं करंजेल लावलं तर?"

बायजा थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला. "खाज जाती, खरूज जाती. लोक कोडाला नेत्यात, मी देती. पण दिराचं गेलं नाय. तुला खोटं नाय सांगत."

त्यानं मान हलवली. तिनं टोपली उचलण्यासाठी त्याचं मनगट सोडलं, आणि तो हात तसाच पुढे राहिला, जरा वेळ.

परत येताना मी पाटलाला गाठलं. म्हटलं, आता त्याला आत घेऊ या. पाटील चालता चालताच बोलला.

"आबा, झाडाचं डोळ्यांनी पायलं, मानलं. माणसाचं एका बाईच्या शब्दावर कसं मानू? माझ्या घरात उजवायच्या पोरी हाईत, तुझ्याबी हाईत. बसू दे त्याला करंजाखाली. आता त्याला तिथनं कोण उठवणार नाय, माझा शब्द."

होळीला दुसरं लाकूड आणलं. करंज राहिला, सहदेवाची जागा राहिली. गावाला वाटलं, मोठं धर्माचं काम झालं.

रामनवमीला बुवांचं कीर्तन भर दुपारी. करंजाला नवी पालवी फुटली होती, तेल माखल्यासारखी चकाकत होती. बुवांनी पहिला चरण म्हटला, सोडला, आणि थांबले. आम्ही झांजा धरून थांबलो. अर्धा श्वास गेला, पूर्ण गेला. बाहेरून काही आलं नाही. बुवांनी भिंतीकडे पाहिलं आणि चरण पुन्हा म्हटला. शेवटी धृपद मी धरलं. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. देवानं चालवून घेतलं असेल.

जन्म झाला, पाळणा झाला. मी बाहेर गेलो. सहदेव खोडाला टेकून बसला होता.

"गायला नाहीस?"

"आवाज लागंना, आबा." तो बोटं पाहत होता. "पौषापासनं रोज सकाळी बघायचो, वाईच कमी वाटायचं. आता बघतो तर तेवढंच हाय. तवाबी तेवढंच असंल."

मग तो म्हणाला, "रेघ तू पायलीस. मग मला का नाय सांगितलंस? धाकलूला ओढ्यावर जाऊन सांगितलंस. मी तर तिथंच होतो रं, दोन हातांवर."

मी एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकायला वेळ लागला. फार नाही, एका ठोक्याएवढा. पण बारा वर्षं माझ्या ठोक्यावर गाणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटणार कसा? तो मुळावर जरा सरकला आणि त्यानं जागा करून दिली. मी बसलो. खांद्याला खांदा लागला तेव्हा तो अंग चोरून बसला होता, आणि मीही.

मग त्यानं विचारलं, "बुवांनी कुठलं आख्यान लावलं होतं? वारा उलटा होता, नीट ऐकू आलं नाय." मी त्याला पहिल्यापासून सांगायला बसलो. चुकलो तिथं त्यानं सुधारलं. देवळातून घरी जाणारी माणसं अंगणाच्या पलीकडच्या बाजूनं वळसा घालून गेली. ऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

वैशाखातल्या एकादशीला सहदेव पुन्हा गाऊ लागला. पूर्वीसारखा चढा नाही, खालच्या सुरात. बुवा वाकून कान देत. त्याच एकादशीला माझ्या शेजारचा धाकलू उभा राहताना माझ्यापासून हातभर बाजूला सरकला. झांज वाजवायला तेवढी जागा बरी पडते.